रिकाम्या स्टेडियमातलं चॅम्पियन: मुंबई सिटी आणि आयएसएल २०२०-२१, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसच्या ग्रुपवर, भाच्यांकडून आणि चहाच्या टपरीवर हेच प्रश्न सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा फॅन आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी बायस्ड वगैरे म्हणायला नको. आहेच बायस्ड.

हा सीझन म्हणजे नेमका कधीचा?

२० नोव्हेंबर २०२० ला सुरू झाला आणि १३ मार्च २०२१ ला फायनल झाली. इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, सातवा सीझन. ११ टीम, लीगमध्ये प्रत्येकीच्या २० मॅचेस, म्हणजे ११० आणि वर सेमीफायनल-फायनलच्या ५ धरून ११५. मुंबई सिटीने त्यात शिल्ड आणि ट्रॉफी दोन्ही उचलली (फरक काय ते पुढे सांगतो), आयएसएलमध्ये एकाच सीझनला दोन्ही घेणारी ती पहिली टीम.

सगळ्या मॅचेस गोव्यातच का झाल्या?

कोरोना, दुसरं काय. २०२० मध्ये दर आठवड्याला ११ टीम देशभर विमानाने फिरवणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळ्यांना उचलून गोव्यात आणलं, हॉटेलांमध्ये बायो-बबल केला आणि तीन ग्राउंडवर चार महिने लीग उरकली. मडगावचं फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळीचं जीएमसी अॅथलेटिक स्टेडियम. बांबोळीचं ग्राउंड मेडिकल कॉलेजच्या शेजारीच आहे, म्हणजे एकीकडे कोविड वॉर्ड आणि पलीकडे फ्लडलाइटमध्ये फुटबॉल, असं ते विचित्र वर्ष होतं.

गोवाच का, तर तिकडे थोड्या थोड्या अंतरावर चांगली ग्राउंडं आहेत, हॉटेलं आहेत (आणि तेव्हा ती रिकामीच पडलेली होती), आणि मुळात फुटबॉल आहे. बाकी कुठल्या राज्यात हे इतकं पटकन जमलं असतं असं मला तरी वाटत नाही.

मग होम मॅच आणि अवे मॅच म्हणजे काय?

कागदावर होतं ते. मुंबईची होम मॅच बांबोळीत, म्हणजे नाव मुंबईचं, गवत गोव्याचं आणि खुर्च्या रिकाम्या. टीव्हीवर रेकॉर्ड केलेला प्रेक्षकांचा आवाज लावायचे, पहिले दोन आठवडे मला तो फार खटकला आणि नंतर कधी सवय झाली कळलंच नाही. ज्यांनी आझाद नगर मेट्रोला उतरून अंधेरीच्या स्टेडियमपर्यंत गर्दीतून चालत जायचं सुख घेतलंय त्यांना विचारा त्या सीझनला काय वाटलं. वर्षानुवर्षं आपली टीम मार खाताना प्रत्यक्ष बघितली आणि जिंकली तेव्हा घरात सोफ्यावर, तेही आवाज कमी करून कारण बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले.

आयएसएल टॉप की आय-लीग? तेव्हा तर दोन्ही चालू होत्या ना?

हो, दोन्ही होत्या (आय-लीग म्हणजे देशाची आधीची मुख्य लीग), आणि यावर अजूनही लोक भांडतात. पण २०१९ ला ठरलेल्या रोडमॅपनंतर एएफसी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेची, जागा आयएसएलला मिळायला लागली, त्यामुळे व्यवहारात टॉप लीग आयएसएलच. आय-लीग त्या वर्षी बंगालमध्ये बबलमध्ये झाली आणि गोकुलम केरळने जिंकली.

खालून वर, वरून खाली असं काही होतं का? म्हणजे शेवटचा नंबर आला तर हकालपट्टी?

नाही. ओडिशा १२ पॉइंट्स घेऊन तळाला राहिली आणि पुढच्या वर्षी परत आयएसएलमध्येच होती.

शिल्ड वेगळी आणि ट्रॉफी वेगळी हा काय प्रकार आहे? चॅम्पियन एकच असतो ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि ज्यांना युरोपची सवय आहे ते तर वैतागतातच. आयएसएलमध्ये लीग संपली की टेबलमध्ये जो पहिला त्याला लीग विनर्स शिल्ड. मग पहिल्या चार टीमची सेमीफायनल, तिथून फायनल, आणि ती जिंकणारा ‘चॅम्पियन’. शिल्ड सुरू झाली २०१९-२० ला, पहिली एफसी गोवाने घेतली. आशियातल्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट शिल्डवर मिळायचं, ट्रॉफीवर नाही. त्यामुळे माझ्या मते खरी कमाई शिल्डच, २० मॅचेस खेळून मिळवलेली, पण फोटो सगळे ट्रॉफीचेच येतात. आयपीएलची सवय असलेल्या आपल्या लोकांना प्लेऑफ लगेच कळतो, शिल्ड समजावताना मात्र घाम फुटतो.

मुंबई सिटी अचानक इतकी भारी कशी झाली? आधी तर काही खास नव्हती.

अगदीच काही नव्हती असं नाही हां. २०१६ ला लीग स्टेजमध्ये पहिली आली होती, पण सेमीत कोलकात्याच्या एटीकेने घालवलं. २०१८-१९ ला परत सेमी, आणि तिथे एफसी गोवाने अंधेरीत येऊन ५-१ असं धुतलं. ती मॅच ज्यांनी स्टेडियममध्ये बघितली त्यांच्यासमोर विषय काढू नका.

मग नोव्हेंबर २०१९ ला सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी, क्लबचे ६५ टक्के घेतले आणि बाकीचे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे राहिले. पैसा आला, पण नुसत्या पैशाने होत नाही, खरी गोष्ट घडली ती गोव्यात. सर्जियो लोबेरा हा स्पॅनिश कोच एफसी गोवाला तीन वर्षं फार सुंदर फुटबॉल खेळवत होता आणि २०२० च्या सुरुवातीला, टीम टेबलमध्ये वर असताना, लीगच्या तीन मॅचेस शिल्लक असताना, त्याला तिकडून काढलं. राहिलेलं काम क्लिफर्ड मिरांडाने पूर्ण केलं आणि गोव्याने शिल्ड जिंकली. मुंबईने लोबेराला उचललं आणि त्याच्यामागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू आणि मंदार राव देसाई हे पण इकडे आले. सेनेगलचा उंचच उंच डिफेंडर, मोरोक्कोचा मिडफिल्डर जो पन्नास मीटरचा पास असा टाकतो जणू हाताने टाकलाय, एक फ्रेंच प्लेमेकर आणि गोव्याचा स्वतःचा कॅप्टन. वरून ओगबेचे, इंग्लंडचा अॅडम ले फाँड्र, एर्नान सांताना. म्हणजे स्वयंपाकघरासकट आचारी पळवून आणला म्हणा ना.

मग गोवेकर चिडले असतील?

चिडणारच की. विचार करा, स्पर्धा तुमच्या गावात, तुम्हालाच आत जायला बंदी, आणि तुमचा जुना कोच, तुमचे जुने प्लेअर दुसऱ्याचा शर्ट घालून तुमच्याच फातोर्डात कप उचलतायत. माझा एक म्हापशाचा मित्र अजून म्हणतो की ती ट्रॉफी अर्धी आमचीच आहे रे, आणि खरं सांगायचं तर त्याला उलट उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. मंदार म्हापशाचा, रॉलिन बोर्जेस गोव्याचा. मंदार तर आयएसएलमध्ये १०० मॅचेस पूर्ण करणारा पहिला खेळाडू, त्यातल्या बहुतेक एफसी गोवाकडून, आणि शंभरी गाठली ती मुंबईच्या निळ्या शर्टात.

टीममध्ये मुंबईचं कोणी होतं की सगळे बाहेरचेच?

अमेय रानवडे. आपला पोरगा, मुंबईचा. राइट बॅकला खेळला. फायनलमध्ये हाफटाइमच्या जरा आधी शुभाशिष बोसशी टक्कर होऊन तो बेशुद्ध पडला, मॅच बराच वेळ थांबली, त्याला स्ट्रेचरवरून नेऊन हॉस्पिटलला हलवलं. त्या पाच-दहा मिनिटांत स्कोअर काय आहे हे पण विसरायला झालं होतं. सुदैवाने तो नीट बरा झाला आणि पुढे खेळला.

सीझनची सुरुवात कशी झाली मुंबईची?

वाईट. पहिलीच मॅच नॉर्थईस्ट युनायटेडशी, जाहूला रेड कार्ड, पेनल्टीवर अपियाचा गोल, ०-१. ग्रुपवर लगेच ‘एवढे पैसे घालून हेच का’ सुरू. चार दिवसांनी एफसी गोवाशी फातोर्डात, त्यात गोव्याला रेड कार्ड आणि अगदी शेवटी ९५व्या मिनिटाला ले फाँड्रची पेनल्टी, १-०. तिथून गाडी सुटली ती १२ मॅचेस कोणाकडून हरलीच नाही. जानेवारीत कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला ओगबेचेच्या गोलवर १-० हरवलं, ही मॅच लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

मग परत हरवलं कोणी?

परत नॉर्थईस्टनेच! ३० जानेवारी, २-१, दोन्ही गोल डेशॉर्न ब्राउनचे. आख्ख्या लीगमध्ये मुंबईला दोनदा हरवणारी एकमेव टीम.

आणि इथे खालिद जमीलबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नॉर्थईस्टने जानेवारीत स्पॅनिश कोच जेरार्ड नूसला काढून खालिदकडे तात्पुरती जबाबदारी दिली आणि त्यानंतर टीम लीगमध्ये एकदाही हरली नाही, ३३ पॉइंट्स घेऊन तिसरी आली. आयएसएलमध्ये टीमला प्लेऑफपर्यंत नेणारा पहिला भारतीय कोच. मुंबईच्या जुन्या फुटबॉलवाल्यांना खालिद नवा नाही, महिंद्रा युनायटेडला खेळलेला, मग मुंबई एफसीचा बरीच वर्षं कोच, तुटपुंज्या बजेटमध्ये टीम तरवून ठेवायचा. २०१७ ला त्याने आयझॉलला आय-लीग जिंकून दिली होती. मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या बाकांवर बसलेली म्हातारी मंडळी तेव्हापासून म्हणत होती की या माणसाला मोठी टीम द्या, आणि २०२५ मध्ये तो भारताचाच कोच झाला.

फेब्रुवारीत मुंबई घसरली होती ना?

घसरली म्हणजे काय, बीपी वाढवलं. एफसी गोवाशी ३-३, तीही इंज्युरी टाइममध्ये इशान पंडिताने बरोबरी केली म्हणून. मग बेंगळुरूकडून २-४, मग जमशेदपूरकडून ०-२. तिकडे मोहन बागान गपचूप पुढे निघून गेली. मग ओडिशाला ६-१, बिपिन सिंगची हॅटट्रिक, आणि तेवढ्यावर जरा जीव आला.

शिल्ड शेवटच्या दिवशी कशी मिळाली? पॉइंट्स तर दोघांचे सारखेच दिसतात.

२८ फेब्रुवारी. लीगची शेवटची मॅच, आणि समोर नेमकी एटीके मोहन बागानच. त्यांचे ४०, आपले ३७. त्यांना ड्रॉ पुरे, आपल्याला जिंकायलाच लागणार. असा शेवट कोणी मुद्दाम ठरवूनही लिहिला नसता. फॉलने सुरुवातीलाच हेडर मारला, हाफटाइमच्या आधी ओगबेचेने दुसरा, २-०, दोघांचे ४०-४०. दोघांचेही १२ विजय, ४ ड्रॉ, ४ पराभव, डिट्टो. पण आपापसातल्या दोन्ही मॅचेस मुंबईने जिंकलेल्या (ती जानेवारीची आठवली का?) आणि गोलफरकातही मुंबईच पुढे, त्यामुळे शिल्ड आपली.

त्यांचा कोच अँटोनियो हबास, सगळं आयुष्य १-० ने जिंकण्यात घालवलेला माणूस, डिफेन्स म्हणजे किल्ल्याची तटबंदी. ड्रॉ हवा असताना तो हरेल असं मला सकाळपर्यंत वाटत नव्हतं.

सेमीफायनल?

समोर कोण, तर एफसी गोवा. अजून कोण असणार. सेमी दोन मॅचेसची, त्यातल्या पहिल्या लेगला गोवा दोनदा पुढे गेली, दोनदा मुंबईने गाठलं, २-२. दुसरा लेग ८ मार्चला बांबोळीत, ९० मिनिटं ०-०, एक्स्ट्रा टाइम ०-०, आणि पेनल्टीजच्या आधी दोन्ही कोचनी चक्क गोलकीपर बदलले! आपला अमरिंदर बाहेर आणि फुर्बा लाचेंपा आत. मी अक्षरशः टीव्हीवर ओरडलो, कॅप्टनला काढतायत म्हणून. सडन डेथपर्यंत गेलं, ६-५. आणि जिंकून देणारी शेवटची किक कोणाची, रॉलिन बोर्जेसची. गोव्याला गोव्यात गोव्याच्याच पोराने बाहेर काढलं. म्हापशाच्या मित्राला मी त्या रात्री फोन केला नाही, तेवढी माणुसकी आहे.

दुसऱ्या बाजूने मोहन बागानने नॉर्थईस्टला १-१, २-१ असं काढलं.

आणि फायनल?

१३ मार्च, फातोर्डा, पंधरा दिवसांत परत त्याच दोन टीम. १८व्या मिनिटाला जाहू, जो वर्षभर चुकला नाही तो, स्वतःच्या हाफमध्ये बॉल घालवून बसला, मोहन बागानच्या रॉय कृष्णाने पास दिला आणि डेव्हिड विल्यम्सने असा काही ठोकला की गोलकीपर फक्त बघत राहिला. मग २९व्या मिनिटाला त्याच जाहूने लांब बॉल टाकला, त्यांचा डिफेंडर तिरी हेडरने बाहेर काढायला गेला आणि बॉल त्याच्याच कीपरच्या डोक्यावरून स्वतःच्या जाळ्यात. १-१. स्वयंगोल असला तरी पापक्षालन जाहूचंच, मी तसंच धरतो.

सेकंड हाफमध्ये दोघं दमलेले, एक्स्ट्रा टाइम होणार असं गृहीत धरून मी पाणी आणायला उठलो आणि नेमकं तेव्हा ९०व्या मिनिटाला लांब बॉल आला, त्यांचा गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, नीट काढता आला नाही, ओगबेचेने बॉल ताब्यात घेऊन आडवा दिला आणि बिपिनने रिकाम्या गोलात टाकला. २-१. मी रिप्लेच बघितला. अरिंदमला त्याच रात्री सीझनचा बेस्ट गोलकीपर म्हणून गोल्डन ग्लव्ह मिळाला, चेहरा बघवत नव्हता बिचाऱ्याचा.

गोल्डन बूट कोणाला?

एफसी गोवाचा इगोर अँगुलो आणि रॉय कृष्णा दोघांचे १४-१४ गोल, अँगुलो कमी मिनिटं खेळला म्हणून बूट त्याला. कृष्णाला सीझनचा बेस्ट प्लेअर. मुंबईकडून सगळ्यात जास्त ले फाँड्रचे, ११. आणि हो, पुढच्या वर्षी अँगुलो पण मुंबईतच आला. गोवेकरांनो, सॉरी.

मोहन बागान-ईस्ट बंगाल पहिल्यांदा याच वर्षी आले का?

हो. मोहन बागान एटीकेशी एकत्र होऊन आली आणि ईस्ट बंगाल अगदी शेवटच्या घडीला अकरावी टीम म्हणून. शंभर वर्षांची डर्बी, आणि आयएसएलमधली पहिली झाली वास्कोत, रिकाम्या टिळक मैदानावर! कोलकात्याच्या माणसाला हे सांगताना त्याचे डोळे बघा. दोन्ही डर्बी मोहन बागानने जिंकल्या, २-० आणि ३-१. ईस्ट बंगालचा कोच लिव्हरपूलचा रॉबी फाउलर, त्याला रेफरीबद्दल बोलल्यामुळे ४ मॅचेसची बंदी पण बसली. शेवटी नववा नंबर.

सगळ्यात वेडी मॅच कुठली?

ओडिशा ६, ईस्ट बंगाल ५. तळाकडच्या दोन टीम, कोणालाच काही मिळणार नव्हतं, आणि ११ गोल. तीन दिवसांपूर्वी मुंबईकडून सहा खाल्लेल्या ओडिशाने इथे सहा मारले.

पुण्याची टीम कुठे होती?

नका ना जखमेवर मीठ चोळू. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद झाली आणि तिची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीचं स्टेडियम ओस. २०२०-२१ ला हैदराबाद पाचवी आली, २९ पॉइंट्स, शेवटच्या दिवशी गोव्याशी ०-० झालं म्हणून थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी ती थेट चॅम्पियन झाली. पुणेकर मित्र म्हणतो तो कप आमचा. म्हणजे गोवेकर म्हणतो मुंबईचा कप आमचा, पुणेकर म्हणतो हैदराबादचा आमचा, कोणाचं काय आहे तेच कळत नाही.

मुंबईने याआधी कधी देशाची लीग जिंकली होती का?

मुंबई सिटीने नाही, पण शहराने हो. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. तो क्लबच पुढे २०१० ला बंद झाला, आणि आजच्या पोरांना नावही माहीत नसतं. त्यामुळे ‘मुंबईत फुटबॉल आयएसएलने आणला’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

ती टीम पुढे टिकली का?

नाही, पत्त्याच्या बंगल्यासारखी गेली. लोबेरा सिटी फुटबॉल ग्रुपच्याच चीनमधल्या क्लबला, अमरिंदर आणि बूमू मोहन बागानला, ओगबेचे हैदराबादला जाऊन १८ गोल मारून गोल्डन बूट घेऊन बसला. पुढच्या सीझनला मुंबई पाचवी, प्लेऑफच्या बाहेर.

पण शिल्डचं तिकीट होतं, ते वापरलं एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिलाच विजय. विजयी गोल राहुल भेकेचा, मुंबईचाच. ती मॅच पण आम्ही टीव्हीवरच बघितली.

मग स्टेडियममध्ये कप उचललेला बघितला का कधी?

२०२२-२३ ची शिल्ड, ४६ पॉइंट्स आणि सलग १८ मॅचेस न हरता, त्यातल्या अंधेरीच्या मॅचेस बघितल्या. २०२४ ची फायनल जिंकली ती सॉल्ट लेकला, कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात ३-१. तिकीट मिळालं नाही.

आता बघायचं झालं तर कुठून सुरू करू?

२८ फेब्रुवारीची मॅच पूर्ण बघा, मग सेमीचा दुसरा लेग फक्त एक्स्ट्रा टाइमपासून, मग फायनल. आवाज बंद करून बघा, ती खोटी गर्दी नको. आणि ९०व्या मिनिटाला पाणी आणायला उठू नका.